साहेबांच्या आधी मला तोललं

साहेबांची गूळतुला होती. त्यांच्या आधी त्या तराजूत मी बसले.

बसले म्हणजे बसवलं.

जानेवारीतली गोष्ट. आमच्या संस्थेचे अध्यक्ष एकसष्ट वर्षांचे झाले. त्यांना सगळे साहेब म्हणतात. अमरावतीच्या आमच्या कॉलेजच्या मैदानात मांडव पडला. मधोमध भला मोठा तराजू. लोखंडी दांडी, जाड साखळ्या, दोन लाकडी पारडी, सगळ्याला झेंडूच्या माळा. एका पारड्यात साहेब बसणार, दुसऱ्यात त्यांच्या वजनाइतका गूळ. तो गूळ मग होस्टेलच्या पोरींना वाटायचा.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर. एकोणीस वर्षं झाली. काचेच्या पेटीतले तराजू पुसणं, शून्यावर आणणं, वजनपेट्या सांभाळणं, पोरांना चिमटा कसा धरायचा ते दाखवणं हे माझं काम. म्हणूनच संस्थेच्या सचिवांनी मला मैदानात बोलावलं होतं.

"तुले तराजूतलं समजते. जरा पाहून दे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अभिमान वाटला. मी गेले. रिकामा तराजू एका बाजूला झुकला होता. त्या बाजूला फुलं जास्त बांधली होती. मी दोन माळा सोडल्या, दुसऱ्या बाजूला बांधल्या. दांडी सरळ झाली. "झालं सर," म्हटलं आणि हात पुसत बाजूला झाले.

सचिवांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आता तूच बस. साखळी टिकते का नाई ते पाह्यलं पायजे ना. तुह्यावर टिकली त साहेबावर टिकतेच."

मांडववाले हसले. स्टाफ हसला. अकरावीची पोरं खुर्च्या लावत होती, ती हातातल्या खुर्च्या सोडून जवळ आली.

मी बसले. काहून बसले? आज इतक्या महिन्यांनी स्वतःला विचारते तर एकच उत्तर येतं. काम सांगितलं असं वाटलं. आमच्या घरात काम सांगितलं की उठायचं, एवढंच तीन पिढ्यांना माहीत.

समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या चढू लागल्या. दहा-दहा किलोच्या. पोरं मोठ्यानं मोजू लागली. एक. दोन. तीन. पाचपर्यंत गंमत होती. सहाव्या भेलीला कोणीतरी शिट्टी मारली. सातव्याला सगळे एका सुरात ओरडायला लागले. नऊ झाल्या तेव्हा माझं पारडं जरासं हललं. वर चार किलोचे सुटे तुकडे ठेवल्यावर माझे पाय जमिनीवरून उचलले गेले आणि दांडी सरळ झाली.

"नऊ भेल्या!" सचिव म्हणाले. "रेशनच्या तांदुयावर येवढं? सरकारचं चांगलंच लागून राह्यलं बाई तुले."

यावर जे हसू फुटलं ते मी अजून ऐकते. एकट्या खोलीत ऐकते. शेगडीवर पाणी उकळताना ऐकते.

तेवढ्यात गेटवर फटाके वाजले. साहेबांची गाडी आली. सगळे तिकडे धावले. सचिव, स्टाफ, मांडववाले, पोरं. मैदान रिकामं झालं. मी मात्र त्या पारड्यात, जमिनीपासून गुडघाभर वर, झेंडूच्या माळांमध्ये लटकलेली. उडी मारता आली असती. पण मी उतरले की समोरचं पारडं धाडकन खाली जाणार, नऊ भेल्या मातीत पडणार. साहेबांचा गूळ खराब होईल म्हणून मी बसून राहिले.

त्यांच्या गुळाची काळजी मला होती. त्यांनी केला त्यापेक्षा मोठा अपमान माझा मीच केला, आणि त्याला साक्षीदार कोणी नव्हतं.

किती वेळ गेला माहीत नाही. शेवटी एक मांडववाला परत आला, त्यानं एकेक भेली उतरवली, तशी मी हळूहळू खाली आले. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. ऑफिसातली शोभाताई वाटेत भेटली. ती म्हणाली, "मनावर घेऊ नको व. गंमत होती."

मग साहेब बसले. बँड वाजला. भेल्या चढल्या, प्रत्येक भेलीला टाळ्या. मी शेवटच्या रांगेच्या मागे उभी राहून मोजत होते. अकरा.

अकरा! माझ्यापेक्षा जड. पण त्यांच्या अकरा भेल्यांना टाळ्या आणि माझ्या नऊ भेल्यांना शिट्ट्या. त्यांचं वजन म्हणजे मान, माझं म्हणजे तमाशा. हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. पण त्या दिवशी मला ते कळलं नाही. त्या दिवशी मला एवढंच वाटलं, की चूक माझ्या अंगाची आहे.

*

माझ्या तराजूतल्या बसण्याचा व्हिडिओ कोणीतरी काढला होता. तो सगळ्या मोबाईलवर फिरला. पोरं मला मावशी म्हणायची, आता पाठीमागे नऊभेली म्हणू लागली. मी व्हरांड्यातून गेले की मागे कोणीतरी "एक, दोन, तीन" असं मोजायचं. मी वळले की सगळे गप्प.

मी बडनेऱ्यात एका खोलीत राहते. नवरा बारा वर्षांपूर्वी सुरतला कामाला गेला तो तिकडचाच झाला. मूल नाही. आई मूर्तिजापूरला, आमच्या विहारामागच्या घरात. शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जाते, सोमवारी पहाटे परत. बाकीचे दिवस माझ्याशी कामाशिवाय कोणी बोलत नाही. आधी याची सवय लागते आणि मग माणूस स्वयंपाक जास्त करायला लागतो. दोघांपुरता भात टाकायचा आणि एकटीनं संपवायचा. वजन असंच वाढलं. कोणी खाऊ घातलं म्हणून नाही. समोर कोणी नव्हतं म्हणून.

फेब्रुवारीत साहेबांच्या सुनेनं वजन कमी करण्याचं सेंटर काढलं. त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. नव्वद दिवसांत तीस किलो, असा बोर्ड. आत एका डब्यात पावडर, दोन वेळा पाण्यात घालून प्यायची, जेवण जवळजवळ नाहीच. मॅडमनी मला बोलावलं.

"मावशी, तुझ्यासाठी फ्री. तू एकदम परफेक्ट केस आहेस."

केस. मी सही केली. कोणी हात धरून करून घेतली नाही, हे लिहिलं पाहिजे. मलाच हवं होतं. लग्नात माझं वजन चोपन्न होतं. मला वाटलं, मी परत चोपन्न झाले की ते पारडं, ती मोजणी, ते सगळं दुसऱ्याच कुठल्यातरी बाईसोबत घडलं असं म्हणता येईल. व्हिडिओ कोणी दाखवला तर म्हणेन, ती कोण, मी नाही.

पहिल्या आठ दिवसांत चार किलो उतरलं. माझ्या आनंदाला पार नव्हता. मी घरी काटा विकत घेतला. सकाळी उठले की त्यावर. कॉलेजला जायच्या आधी त्यावर. आल्यावर त्यावर. पाणी प्यायच्या आधी आणि पाणी प्यायल्यावर. प्रत्येक आकडा एका जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या पानांवर लिहायची. नव्वद पॉइंट दोन. नव्वद. नव्वद पॉइंट आठ. पाव किलो वाढलं की दिवस गेला. पाव किलो उतरलं की आरशासमोर उभी राहून गळ्याचं हाड दिसतं का ते चाचपायची.

तिसऱ्या आठवड्यात उतरणं थांबलं. मग मी पावडरही एकदाच घ्यायला लागले.

शनिवारी मूर्तिजापूरला गेले. आईनं ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी केली होती. मी म्हटलं, "मले भूक नाई." तिनं ताट माझ्यासमोरून उचललं नाही. स्वतःचंही वाढून घेतलं नाही. दोघी त्या एका ताटाकडे पाहत बसलो.

मग ती म्हणाली, "तू पोटात होती तवा मी दोन-दोन दिस पान्यावर काढले. कामच भेटे नाई. तू झाली त मुठीयेवढी. आपल्या घरात अंगानं भरलेलं पयलं मानूस तू हायेस. आता तू आपल्या हातानं उपाशी मरून राह्यली. कोनासाठी व?"

मला तिचा राग आला. माझ्या जाडीचा तिला अभिमान होता, हे मला पहिल्यांदाच कळलं, आणि मला त्याची लाज वाटली. आईची लाज वाटली. हे लिहिताना हात जड होतो, पण खरं आहे ते आहे.

*

मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षेच्या तयारीत मी चक्कर येऊन पडले. हातात वजनपेटी होती. एकोणीस वर्षांत माझ्या हातून परीक्षानळीसुद्धा फुटली नव्हती. डोळे उघडले तेव्हा मी फरशीवर, आणि माझ्या चारी बाजूंना लहान-मोठी वजनं विखुरलेली. उठवायला दोन पोरी आल्या. तिसरी हळूच म्हणाली, "उचलता येईल का आपल्याला?"

सरकारी दवाखान्यात नेलं. साखर वरच्या काठावर, रक्त कमी, गुडघ्याची झीज सुरू. डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आहार सांगणाऱ्या ताईंच्या खोलीत पाठवलं. त्या अकोटच्या होत्या, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी पडद्याआड काट्यावर उभं केलं, आकडा मोठ्यानं वाचला नाही, कागदावर लिहून कागद माझ्याकडे फिरवला. ब्याण्णव पॉइंट आठ. सलाइनमधलं पाणी आणि मीठ अंगात शिरलं तसे उतरलेल्या चारांतले जवळजवळ तीन किलो परत आले होते. एवढी उपासमार करून काय कमावलं, तर सव्वा किलो.

"कोनं सांगतलं तुमाले तीस किलो?" त्यांनी विचारलं.

मी बोर्डाचं सांगितलं.

"ताई, मी तुमाले खोटं नाई सांगत. मयन्याले किलो उतरलं तरी चांगलं म्हना. वर्साले आठ-दहा उतरले तर साखर खाली येईन, गुडघा कमी दुखन. काही मयने उतरनारच नाई. ते पन धरून चाला."

"आन चोपन्न?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "चोपन्न इसरा ताई. तवाचं अंग तवाचं होतं."

मी त्या खोलीत रडले. पारड्यात रडले नव्हते, व्हिडिओ पाहून रडले नव्हते. तिथं रडले. वर्षाला आठ किलो! म्हणजे एक भेलीसुद्धा नाही. म्हणजे आयुष्यभर मी ती तराजूतली बाईच राहणार. मला वाटलं, ही पण माझा अपमानच करते आहे. गोड बोलून करते एवढंच. त्यांनी भाकरी किती, वरण किती, भात किती, पायी किती चालायचं ते लिहून दिलं. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि पंधरा दिवस उघडला नाही.

तो उघडला तो एका पोरीमुळे.

परीक्षेच्या आधी बारावीची एक पोरगी सरावाला आली होती. काचेच्या पेटीसमोर बसली, पारड्यात नमुना ठेवला, वजनं ठेवली. काटा अजून डावी-उजवीकडे झुलत होता. तिनं घाईनं वही ओढली आणि आकडा लिहिला. मग परत पाहिलं, तो खोडला, दुसरा लिहिला. तोही खोडला. तिचे डोळे पाण्यानं भरले. "मावशी, हा दर वेळी वेगळंच दाखवून राहिला. मले नाई जमत."

मी नेहमीचं बोलले. हजार पोरांना सांगितलेलं.

"अवं, काटा थांबू दे. झुलत असताना लिहू नोको. झुलनं त त्याचं कामच हाय. दार लाव, हात मांडीवर ठेव, वाट पाह्य."

ती हात मांडीवर ठेवून बसली. काटा थांबला. तिनं एकदाच लिहिलं.

आणि मी तिच्या मागे उभी. दिवसातून पाच वेळा काट्यावर चढणारी मी. झुलता आकडा लिहून त्यावर दिवस ठरवणारी मी. अकरावीच्या पोराला पहिल्या तासाला शिकवतात ती गोष्ट मी माझ्या स्वतःच्या अंगाबाबत विसरले होते. एकोणीस वर्षं तराजू सांभाळणारी बाई! माझी मलाच शरम वाटली, पण ही शरम वेगळी होती. ती कोणी वरून टाकलेली नव्हती.

त्या दिवशी घरी जाऊन काटा कपाटाच्या वर टाकला. पर्समधला कागद काढला.

*

पुढचे सहा महिने सांगण्यासारखं काही नाही. सकाळी भाकरी आणि वरण. दुपारी डब्यात भाजी जास्त, भात मूठभर. संध्याकाळी कॉलेजातून निघाले की तीन थांबे पायी आणि मग ऑटो. महिन्यातून एकदा दवाखान्यात पडद्याआड वजन. एप्रिलमध्ये जेवढं तेवढंच. मेमध्ये दीड किलो कमी. जूनमध्ये अर्धा किलो वाढलं. आधीची मी असते तर त्या दिवशी जेवले नसते. ताई म्हणाल्या, "मी सांगतलं होतं ना?" आणि मी घरी येऊन भाकर केली. सप्टेंबरच्या शेवटी अठ्ठ्याऐंशी. साखर काठावरून खाली. जिने चढताना कठड्याला धरायची, ते सुटलं.

पाच किलो. दिसत कोणाला नव्हते. पोरं नऊभेलीच म्हणत होती. डबा खाताना माझ्या बाकावर अजूनही कोणी बसत नव्हतं. वजन उतरलं की एकटेपण उतरेल असं मी जे धरून बसले होते, ते साफ खोटं निघालं. ते दोन वेगळे आजार होते. एकावर कागद होता, दुसऱ्यावर नव्हता. पण ते पाच किलो माझे होते. आयुष्यात ज्या थोड्या गोष्टी मी माझ्या म्हणू शकते त्यांत ते होते.

ऑक्टोबरमध्ये मॅडमनी दुसरं सेंटर अकोल्यात काढलं. उद्घाटनाला सगळा स्टाफ संस्थेच्या बसनं नेला. बसमध्ये माझ्या शेजारची सीट अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रिकामी राहिली. लोक उभे राहिले पण तिथं बसले नाहीत. मी खिडकीतून कापसाची शेतं पाहत गेले.

हॉलमध्ये शिरले आणि पाय थांबले. स्टेजवर तोच तराजू. त्याच माळा. मागच्या पडद्यावर माझा जानेवारीतला फोटो, पारड्यात बसलेली, माणसाएवढा मोठा.

मॅडम लगबगीनं आल्या. "मावशी, तुझं छान उतरलंय. लोकांना तुझा व्हिडिओ माहीत आहे. आज त्याच तराजूत बसायचं. आधी नऊ भेल्या, आता किती ते लोकांनीच मोजायचं. आणि माईकवर आपल्या पावडरचं सांगायचं. फक्त दोन वाक्यं."

पावडर मी मार्चमध्येच सोडली होती. त्यांना माहीत होतं. मी काही बोलायच्या आत सचिवांनी माईकवर पुकारलं. "या आमच्या नऊ भेल्या! बसा मावशी."

आणि मी परत बसले.

हो, परत बसले. या वेळी कामाचं म्हणून नाही. माझ्या मनात एक हाव होती, ती कबूल करते. तेच लोक, तोच तराजू. त्यांच्या डोळ्यांदेखत आठच भेल्या आणि थोडे तुकडे चढतील, नववी चढणार नाही. एकदा खरं मोजू दे. माझी अर्धी भेली एकदा त्यांना दिसू दे. एवढंच हवं होतं मला त्यांच्याकडून.

भेल्या चढू लागल्या. लोक मोजू लागले. एक. दोन. तीन.

मी भेल्यांकडे पाहत होते. भेली ठेवणारा माणूस दोन्ही हात खाली घालून, पोटाशी धरून आणत होता. जानेवारीत एका हाताखाली घेऊन येत होते. या भेल्या रुंद होत्या, जाड होत्या. चार. पाच. सहाव्या भेलीला माझे पाय जमिनीवरून उचलले गेले.

दहा-दहाच्या सहा म्हणजे साठ. मी अठ्ठ्याऐंशी. साठनं अठ्ठ्याऐंशी उचललं जात नाही. जगातल्या कुठल्याच तराजूत नाही.

"सहा भेल्या!" सचिव ओरडले. "तीस किलो गायब! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. माझ्यासाठी पहिल्यांदा टाळ्या. पहिल्या रांगेत सोफ्यावर साहेब बसले होते, तेही वाजवत होते. सचिव माईक घेऊन माझ्याजवळ आले, वाकले, आणि माईकवर हात ठेवून हळूच म्हणाले, "मोठ्या भेल्या हायेत. बोलू नोको. कोनाले कयते?"

"मले कयते," मी म्हणाले.

त्या एका क्षणात मला सगळं दिसलं. जानेवारीत त्यांनी माझं खरं वजन सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, कारण त्यात त्यांची गंमत होती. आता माझं खोटं वजन मोठ्यानं वाचत होते, कारण त्यात त्यांचा धंदा होता. मी दोन्ही वेळा पारड्यातच होते. माझे सहा महिने, माझी भाकरी, माझी पायी चाल, माझे ते पाच किलो, सगळं पुसून त्या जागी त्यांचे तीस ठेवले होते. आणि हॉलमध्ये माझ्यासारख्या कितीतरी बाया बसल्या होत्या. पदरानं पोट झाकून, माझ्या पायांखालच्या त्या रिकाम्या जागेकडे पाहत. उद्या त्या पावडर पिणार. परवा त्या कुठल्यातरी फरशीवर पडणार, आणि पडताना त्यांना वाटणार की चूक आपल्याच अंगाची.

मी सचिवांच्या हातातून माईक घेतला.

"ह्या भेल्या पंधरा किलोच्या हायेत," मी म्हणाले. "जानेवारीत दहाच्या होत्या. माह्यं वजन अठ्ठ्याऐंशी हाय. सहा मयन्यात पाच उतरलं. भाकर खाऊन उतरलं, पावडर पिऊन नाई. पावडर पेली त मी चक्कर येऊन पडली. तीस कोनाचंच उतरत नाई नव्वद दिवसात. उतरलं तरी रायत नाई."

मॅडमचा चेहरा पांढरा. सचिव दातओठ खाऊन म्हणाले, "खाली उतर."

मी समोरच्या पारड्याकडे पाहिलं. सहा भेल्या, नव्वद किलो गूळ. त्या पारड्याखाली स्टेजची फळी.

"बाजूले व्हा," मी भेलीवाल्याला सांगितलं. तो मागे सरकला.

मी उतरले.

पारडं असं आदळलं की स्टेज हादरला. दोन भेल्या फुटल्या, एक गडगडत पहिल्या रांगेपर्यंत गेली आणि साहेबांच्या बुटाशी थांबली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी उठून माझ्याकडे आलं नाही. हॉलमधल्या बायांपैकी एकही काही बोलली नाही. मी मधल्या वाटेनं चालत बाहेर आले, अकोला स्टेशनपर्यंत पायी गेले, आणि मूर्तिजापूरचं तिकीट काढलं.

आईला सगळं सांगितलं. तिनं एकच विचारलं, "गूय सारा मातीत गेला?"

"फुटला."

तिनं ताट वाढलं. दोघी जेवलो.

*

आठ दिवसांनी कॉलेजात लेखी नोटीस मिळाली. संस्थेच्या कार्यक्रमात गैरवर्तन, गुळाचं नुकसान, लेखी खुलासा द्यावा. खुलासा येईपर्यंत प्रयोगशाळेतून काढून अकोटच्या शाळेत, जुन्या रजिस्टरांच्या खोलीत बदली. शोभाताईनं नोटीस माझ्या हातात दिली आणि इकडे-तिकडे पाहून म्हणाली, "माफी लिहून टाक. दोन ओयी. विषय खतम."

मी दोन ओळीच लिहिल्या. "गूळ मी पाडला. मला पुन्हा पारड्यात बसवलं तर पुन्हा पाडीन."

आता मी अकोटला आहे. इथं तराजू नाही. धूळ आहे, एक खिडकी आहे, आणि दुपारी डबा खायला समोर कोणी नाही. पोरं मला ओळखत नाहीत. काही दिवसांनी व्हिडिओ इथंही पोचेल. पोचू दे. त्यात पारड्यात बसलेली बाई मीच आहे, हे मी सांगेन.

महिन्यातून एकदा सरकारी दवाखान्यात जाते. परवा सत्त्याऐंशी पॉइंट सहा. पुढच्या महिन्यात कदाचित अठ्ठ्याऐंशी असेल. चोपन्न मी कधीच होणार नाही, आणि ते मी आता कोणाकडून ऐकून नाही, स्वतः म्हणते. मला जिना चढायचा आहे. साखर खाली ठेवायची आहे. आईच्या आधी मरायचं नाही. त्यासाठी जेवढं उतरवायचं तेवढं मी उतरवीन, माझ्या चालीनं, कोणाला न दाखवता.

मागच्या आठवड्यात सचिवांचा फोन आला. साहेबांच्या मोठ्या भावाची पंच्याहत्तरी आहे, त्यांचीही तुला करायची आहे. अमरावतीत तराजू शून्यावर कोणालाच आणता येईना.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "एक दिवस येऊन पाहून दे. साखळीपन तपासाची हाय."

मी म्हटलं, "तराजू तपासाले वजनं लागतात सर. बाई नाई लागत."

आणि फोन ठेवला. जाणार नाही.